भूमिती श्रेढी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंकगणिती श्रेढी बहुतेकांना सहज जमते. भूमिती श्रेढीत मात्र सूत्र तोंडपाठ असूनही उत्तर चुकतं, आणि गंमत म्हणजे चुका दरवर्षी त्याच असतात. खालचे प्रश्न बरेचसे त्या चुकांच्या आसपासचे आहेत.

खुणांबद्दल थोडं: पहिलं पद 'अ', सामान्य गुणोत्तर 'र', पदांची संख्या 'न' आणि बेरीज 'ब' असं लिहिलं आहे. घातासाठी ^ हे चिन्ह वापरलं आहे, म्हणजे २^५ हा २ चा पाचवा घात, ३२. तुमच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतील, गणित तेच.

भूमिती श्रेढी म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक पद आधीच्या पदाच्या ठरावीक पट असेल तर ती भूमिती श्रेढी. ३, ६, १२, २४ मध्ये दर वेळी दुप्पट होते. ८१, २७, ९, ३ मध्ये दर वेळी एक तृतीयांश उरतो. ही ठरलेली पट म्हणजेच सामान्य गुणोत्तर. ते काढायला कोणतंही पद त्याच्या आधीच्या पदाने भागायचं. आधीच्याने, नंतरच्याने नाही. ८१, २७, ९ मध्ये घाईघाईत र = ३ लिहिणारे प्रत्येक वर्गात निघतात.

मराठीत या पटींसाठी शब्दांचा तोटा नाही: दुप्पट, तिप्पट, दीडपट, अडीचपट, पाऊणपट, निमपट. हे सगळे शब्द म्हणजे 'र' च्या किमतीच. अंकगणिती श्रेढीत आपण विचारतो 'कितीने वाढलं?' इथे विचारायचं 'किती पट झालं?' हा एक बदल मनात पक्का बसला की निम्मी सूत्रं स्वतःची स्वतः उभी करता येतात. तो बसला नाही तर पाठ केलेलं सूत्रही चुकीच्या जागी वापरलं जातं.

यात भूमिती कुठे आली? सगळे आकडेच तर आहेत!

४ आणि ९ बाजूंचा आयत घ्या. क्षेत्रफळ ३६. तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू ६ हवी. आता ४, ६, ९ ही पदं बघा: दर वेळी दीडपट. आयताच्या दोन बाजूंच्या मधोमध चौरसाची बाजू येऊन बसली आणि श्रेढी तयार झाली. म्हणून ६ ला ४ आणि ९ चा भूमितीमध्य म्हणतात.

हेच काटकोन त्रिकोणातही दिसतं. काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर टाकलेला लंब कर्णाचे ४ आणि ९ असे दोन भाग करत असेल तर त्या लंबाची लांबी ६ असते. भूमितीच्या पुस्तकातलं भूमितीमध्याचं प्रमेय ते हेच. प्राचीन ग्रीकांना संख्यांचा गुणाकार आयताच्या रूपात दिसायचा, त्यामुळे अशा श्रेढीला भूमितीचं नाव मिळालं.

एखादी क्रमिका भूमिती श्रेढी आहे की नाही, हे किती पदं तपासून ठरवायचं?

दिलेली सगळी. दोन गुणोत्तरं जुळली म्हणून थांबू नका. आणि प्रश्नात क्रमिकेचा नियम दिला असेल तर तो नियमच तपासा. म्हणजे (न + १)वं पद भागिले न-वं पद केल्यावर उत्तरात 'न' शिल्लक राहतो का ते बघा. राहिला तर श्रेढी भूमिती नाही.

याबाबतीत एक फसवं उदाहरण मला फार आवडतं. वर्तुळावर एक बिंदू घ्या, मग दोन, मग तीन, आणि दर वेळी प्रत्येक बिंदू इतर प्रत्येक बिंदूला रेषेने जोडा. कुठल्याही तीन रेषा आत एकाच ठिकाणी छेदणार नाहीत अशी काळजी घ्या. वर्तुळाचे भाग मोजत गेलात तर १, २, ४, ८, १६ असे मिळतात. सहा बिंदूंना ३२ येणार, असं कोणीही छातीठोकपणे सांगेल. येतात ३१. काढून मोजा.

न-व्या पदाच्या सूत्रात घातांक न − १ का? न का नाही?

कारण पहिल्या पदापर्यंत पोचायला एकदाही गुणावं लागत नाही. दुसऱ्यासाठी एकदा, तिसऱ्यासाठी दोनदा. दहा खांब एका ओळीत उभे असतील तर त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा नऊच असतात. आपण खांब नाही, जागा मोजतोय.

न-वं पद = अ × र^(न − १)

म्हणजे ५, १०, २०, … या श्रेढीचं ८वं पद ५ × २^७ = ६४०. इथे एक हमखास घसरगुंडी आहे: ५ × २^७ ला १०^७ करून टाकणं. घात फक्त २ वर आहे, ५ त्याच्या बाहेर उभा आहे. आधी घात, मग गुणाकार.

शेवटचं पद दिलं असेल तर पदं किती, हे कसं काढायचं?

शेवटच्या पदाला पहिल्याने भागा आणि आलेली संख्या 'र' चा कितवा घात आहे ते बघा. ३, ६, १२, …, १५३६ घ्या. १५३६ ÷ ३ = ५१२ = २^९. नऊ उड्या, म्हणून दहा पदं. इथे ९ हेच उत्तर लिहून मोकळे होणारे खूप.

भागाकार 'र' च्या कोणत्याच पूर्ण घाताइतका येत नसेल तर ती संख्या श्रेढीत नाहीच. २, ४, ८, … मध्ये १००० कधीच येत नाही. ५१२ नंतर थेट १०२४.

गुणोत्तर ऋण, शून्य किंवा एक असू शकतं का?

ऋण असू शकतं. १, −२, ४, −८ ही रीतसर भूमिती श्रेढी आहे, पदांची चिन्हं आलटून पालटून बदलतात. इथे कंस विसरलात की गेलात: (−२)^४ म्हणजे १६, पण −२^४ म्हणजे −१६.

एक असेल तर ७, ७, ७, ७ अशी कंटाळवाणी श्रेढी मिळते, पण चालते. शून्य मात्र घेत नाहीत. एकदा शून्य आलं की पुढे सगळी शून्यंच, आणि शून्याने भागता येत नाही म्हणून गुणोत्तर तपासायचा रस्ताच बंद.

बेरजेचं सूत्र येतं कुठून?

एका सुंदर युक्तीतून. ही युक्ती समजली तर सूत्र विसरलात तरी परीक्षेत दोन मिनिटांत पुन्हा मिळवता येतं, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा ब = ३ + ६ + १२ + २४ + ४८. दोन्ही बाजूंना गुणोत्तराने, म्हणजे २ ने गुणा:

२ब = ६ + १२ + २४ + ४८ + ९६

दोन्ही ओळी एकाखाली एक मांडा. ६ पासून ४८ पर्यंतची सगळी पदं दोन्हीकडे आहेत. वजाबाकी केली की मधली सगळी गर्दी नाहीशी होते आणि उरतं २ब − ब = ९६ − ३, म्हणजे ब = ९३. पाच पदं असोत की पाच हजार, उरतात फक्त दोनच: दुसऱ्या ओळीतलं शेवटचं आणि पहिल्या ओळीतलं पहिलं.

हेच अक्षरांत लिहिलं की

ब = अ × (र^न − १) ÷ (र − १)

असं चालतं याचं कारण श्रेढीला तिच्याच गुणोत्तराने गुणलं तर ती फक्त एक घर पुढे सरकते. २ ऐवजी समजा ५ ने गुणून बघा, मधली पदं उडणार नाहीत.

या बेरजेचं एक फार जुनं उदाहरण इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवर (त्या काळच्या कागदावर) आहे. काळ साधारण इ.स.पू. १५५०, आज तो ऱ्हिंड पपायरस म्हणून ओळखला जातो. त्यात ७ घरं, ४९ मांजरं, ३४३ उंदीर, २४०१ धान्याची कणसं आणि १६,८०७ मापं धान्य अशी यादी आहे, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज: १९,६०७. घरं आणि उंदीर एकत्र का मोजायचे, हे विचारू नका. शब्दांकित उदाहरणं तेव्हापासून अशीच आहेत. आपल्या सूत्राने ७ × (७^५ − १) ÷ ६ = ७ × २८०१ = १९,६०७. पपायरसवरही २८०१ ला ७ ने गुणूनच उत्तर काढलेलं दिसतं.

पुस्तकात बेरजेची दोन सूत्रं आहेत. कोणतं कधी वापरायचं?

दोन नाहीत, एकच आहे. (र^न − १) ÷ (र − १) आणि (१ − र^न) ÷ (१ − र) यांत अंश आणि छेद दोन्हींची चिन्हं बदलली आहेत, बाकी काही नाही. 'र' एकापेक्षा मोठा असेल तर पहिलं, लहान असेल तर दुसरं वापरलं की ऋण चिन्हांचा त्रास वाचतो, एवढीच सोय. चुकून दुसरं वापरलंत म्हणून गुण जाणार नाहीत.

खरा वेगळा प्रकार एकच: र = १. तेव्हा छेद शून्य होतो आणि सूत्र निकामी. पण तिथे सूत्र हवंय कशाला? सगळी पदं सारखी, म्हणून बेरीज न × अ.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट खरी आहे का?

गोष्ट म्हणून ऐका: बुद्धिबळाचा शोध लावणारा राजाकडे बक्षीस मागतो, पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं चौसष्ट घरांपर्यंत. राजा हसून हो म्हणतो आणि फसतो. गणित मात्र पक्कं आहे. एकूण दाणे २^६४ − १, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

मला या गोष्टीत शेवटच्या आकड्यापेक्षा एक दुसरीच बाब जास्त शिकवण्यासारखी वाटते. १ + २ + ४ + ८ = १५, आणि पुढचं पद १६. १ + २ + ४ + ८ + १६ = ३१, आणि पुढचं पद ३२. १ पासून सुरू होणाऱ्या दुपटीच्या श्रेढीत पुढचं एकटं पद आधीच्या सगळ्यांच्या बेरजेहून एकाने मोठं असतं. म्हणजे चौसष्टाव्या घरातले दाणे आधीच्या त्रेसष्ट घरांतल्या एकूण दाण्यांपेक्षा जास्त आहेत. 'शेवटी शेवटी फार वाढलं' असं आपण म्हणतो, पण वाढीची पट पहिल्या घरापासून तीच होती.

कागदाची घडी घालून चंद्रापर्यंत पोचता येतं, असं म्हणतात. हे कसं?

कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा धरा. प्रत्येक घडीला जाडी दुप्पट. ४२ घड्यांनंतर जाडी ०.१ × २^४२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४,३९,८०४ किलोमीटर. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. ४१ घड्या पुरत नाहीत. तेव्हा आपण साधारण अर्ध्या वाटेच्या थोडं पुढे असतो.

प्रत्यक्षात हातातल्या कागदाची सात-आठ घड्यांतच दमछाक होते, कारण जाडी दुप्पट होताना क्षेत्रफळ निमपट होत जातं. एकाच कागदावर दोन श्रेढ्या उलट दिशांना धावत असतात.

मोठे घात कॅल्क्युलेटरशिवाय कसे काढायचे? २^३० साठी तीस वेळा गुणायचं का?

नाही, आणि याचं उत्तर भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये 'लीलावती'त देऊन ठेवलं आहे. आपण वापरतो तो 'श्रेढी' हा शब्दही तिथल्या 'श्रेढीव्यवहार' या प्रकरणात भेटतो, आणि ज्या श्रेढीला आपण भूमिती श्रेढी म्हणतो तिला तिथे 'गुणोत्तर' म्हटलंय.

रीत अशी. घातांक सम असेल तर त्याचा अर्धा करा आणि बाजूला 'वर्ग' लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुण' लिहा. शून्य येईपर्यंत चालू ठेवा. ३० साठी: ३० (वर्ग), १५ (गुण), १४ (वर्ग), ७ (गुण), ६ (वर्ग), ३ (गुण), २ (वर्ग), १ (गुण), ०.

आता खालून वर या. १ पासून सुरुवात करा. 'गुण' आलं की २ ने गुणा, 'वर्ग' आलं की वर्ग करा: २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८, १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत २^३० हजर. संगणक आजही मोठे घात जवळपास याच पद्धतीने काढतात.

तिथलं उदाहरणही वाचण्यासारखं आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी २ कवड्या दिल्या आणि महिनाभर, म्हणजे तीस दिवस, रोज दुप्पट देत गेला. एकूण २ × (२^३० − १) = २,१४,७४,८३,६४६ कवड्या. त्या काळच्या नाण्यांत हे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या होतात. त्या काळी एका निष्काच्या २०,४८० कवड्या होत, हे लक्षात घेऊन भागाकार करून बघा, जुळतो.

पदं संपतच नाहीत, मग अनंत श्रेढीची बेरीज ठरावीक कशी असेल?

एक चौकोनी कागद तिघांत वाटायचा आहे, पण हातात फक्त चार समान तुकडे करायची सोय आहे. चार तुकडे करा, तिघांना एकेक द्या, एक उरला. त्या उरलेल्याचे पुन्हा चार, तिघांना एकेक, पुन्हा एक उरला. असंच चालू. प्रत्येकाला मिळतं

१/४ + १/१६ + १/६४ + …

तिघांना अगदी सारखं मिळतंय आणि न वाटलेला तुकडा चतकोर होत होत नाहीसा होत चाललाय. मग प्रत्येकाचा वाटा १/३ सोडून दुसरा असूच शकत नाही. याच श्रेढीत सुरुवातीला १ मिळवला की बेरीज ४/३ होते, आणि इ.स.पू. तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने अन्वस्ताचा (पॅराबोला या वक्राचा) एक तुकडा किती क्षेत्रफळाचा आहे हे काढताना तीच वापरली.

'बेरीज ठरावीक आहे' याचा अर्थ कोणी बसून अनंत पदं मिळवली, असा नव्हे. तुम्ही कितीही बारीक फरक सांगा, पुरेशी पदं घेतली की बेरीज १/३ च्या त्याहून जवळ जाते आणि तिथेच राहते, असा त्याचा अर्थ. सूत्रात 'न' वाढत गेला की र^न शून्याकडे जातो आणि उरतं

ब = अ ÷ (१ − र)

अट एकच: 'र' हा −१ आणि १ यांच्या मधला हवा. अट न बघता सूत्र वापरलं तर १ + २ + ४ + ८ + … ची बेरीज −१ येते. धन संख्या मिळवत गेलो आणि ऋण उत्तर आलं, तरी वहीत खाली दोन रेघा मारून चौकट काढणारे मी पाहिलेत.

०.९९९… खरंच १ इतकं आहे, की जवळपास?

खरंच १. ९/१० + ९/१०० + ९/१००० + … मध्ये अ = ९/१०, र = १/१०, म्हणून बेरीज (९/१०) ÷ (९/१०) = १. 'शेवटी एक बारीकसा फरक उरतो' असं वाटतं, पण शेवटच नाही, तर फरक ठेवणार कुठे?

कोणताही आवर्ती दशांश याच वाटेने अपूर्णांकात येतो. ०.२७२७२७… = २७/९९ = ३/११. मात्र ०.१६६६… सारख्या ठिकाणी आवर्ती नसलेला १ आधी वेगळा काढा: १/१० + (६/१००) ÷ (९/१०) = १/१० + १/१५ = १/६.

उसळणाऱ्या चेंडूचं उदाहरण नेहमी चुकतं. का?

चेंडू १० मीटरवरून सोडला आणि दर वेळी आधीच्या उंचीच्या ३/५ उसळला, तर एकूण अंतर किती? घाईतली उत्तरं दोन: १० ÷ (१ − ३/५) = २५, किंवा त्याची दुप्पट ५०. दोन्ही चूक.

चित्र काढा. पहिल्यांदा चेंडू फक्त खाली येतो. त्यानंतरची प्रत्येक उंची तो दोनदा कापतो, वर जाताना आणि खाली येताना. उसळ्यांची श्रेढी ६ पासून सुरू होते: ६ ÷ (२/५) = १५, दुप्पट ३०. त्यात सुरुवातीचे १०. एकूण ४० मीटर.

चक्रवाढ व्याज म्हणजे भूमिती श्रेढीच का?

हो. १०,००० वर दरसाल १० टक्के सरळव्याजाने रास ११,०००, १२,०००, १३,००० अशी वाढते, ही अंकगणिती. चक्रवाढीने ११,०००, १२,१००, १३,३१०; ही भूमिती, आणि र = १.१. तीन वर्षांत फरक किरकोळ वाटतो. दहा वर्षांनी पहिली २०,००० वर असते, दुसरी सुमारे २५,९३७ वर.

इथे मघाच्या न − १ च्या नियमाला चिकटून बसू नका. मुद्दल हे सुरुवातीचं, म्हणजे शून्य वर्षांनंतरचं पद आहे; म्हणून दहा वर्षांनंतर घातांक १०. सूत्र आठवण्याऐवजी 'किती वेळा गुणलं?' एवढंच विचारा, दोन्हीकडे बरोबर उत्तर येतं.

घसाऱ्यातही एक गोम आहे. किंमत दरसाल २० टक्क्यांनी घटते, तर र = ०.८, ०.२ नव्हे. उरलेला भाग पुढे जातो, गेलेला नाही. आणि २० टक्के घटून पुन्हा २० टक्के वाढलं तर मूळ जागी येत नाही: ०.८ × १.२ = ०.९६.

'भूमिती श्रेढीतल्या तीन संख्यांची बेरीज २६, गुणाकार २१६' असले प्रश्न कसे मांडायचे?

मधलं पद 'अ' धरा: अ/र, अ, अर. गुणाकारात 'र' उडून जातो आणि अ^३ = २१६, म्हणजे अ = ६. मग ६/र + ६ + ६र = २६ वरून ३र^२ − १०र + ३ = ०, र = ३ किंवा १/३. संख्या २, ६, १८; दुसरं उत्तर त्याच संख्या उलट क्रमाने.

चार पदांसाठी अ/र^३, अ/र, अर, अर^३ घ्या असं सांगतात. चालतं, पण त्यात खरं गुणोत्तर र^२ असतं आणि ते ऋण होऊ शकत नाही. म्हणून १, −२, ४, −८ सारखं उत्तर या मांडणीतून कधीच सापडणार नाही. शंका आली की सरळ अ, अर, अर^२, अर^३ घ्या.

२ आणि १६२ मध्ये तीन संख्या घालायच्या असतील तर उड्या चार: र^४ = ८१. र = ३ घेतलं तर ६, १८, ५४; र = −३ घेतलं तर −६, १८, −५४. दुसरं उत्तर लिहायला विसरू नका.

सरासरी असताना भूमितीमध्य कशाला हवा?

काहीतरी पहिल्या वर्षी ५० टक्के वाढलं आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्के घटलं. साधी सरासरी म्हणते बदल शून्य. प्रत्यक्षात १.५ × ०.५ = ०.७५, म्हणजे पाव भाग गेला. पटींची सरासरी काढायला भूमितीमध्यच लागतो: ०.७५ चं वर्गमूळ साधारण ०.८६६, म्हणजे दर वर्षी सुमारे १३.४ टक्के घट.

दोन धन संख्यांचा भूमितीमध्य त्यांच्या सरासरीपेक्षा कधीच मोठा नसतो. संख्या सारख्या असतील तरच दोन्ही समान. ४ आणि ९ ची सरासरी ६.५, भूमितीमध्य ६.

एकच श्रेढी अंकगणिती आणि भूमिती दोन्ही असू शकते का?

फक्त सगळी पदं सारखी असतील तरच. पण दोन्ही प्रकारांत एक छान नातं आहे. १०, १००, १०००, १०,००० यांचे दहा पायाचे लॉगॅरिदम घ्या, म्हणजे प्रत्येक संख्या १० चा कितवा घात आहे ते लिहा: १, २, ३, ४. धन पदांच्या कोणत्याही भूमिती श्रेढीचे लॉगॅरिदम घेतले की अंकगणिती श्रेढी मिळते.

पुस्तकाबाहेर ही श्रेढी कुठे दिसते?

तुमच्या टेबलावर. ए-शून्य आकाराच्या कागदाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर, ए-एक त्याच्या निम्मा, ए-दोन त्याच्याही निम्मा. ए-चार म्हणजे १/१६ चौरस मीटर. म्हणून पाकिटावर '८० ग्रॅम प्रति चौरस मीटर' लिहिलं असेल तर एका ए-चार कागदाचं वजन, न तोलता, ५ ग्रॅम.

पियानोवर एका स्वरापासून वरच्या सप्तकातल्या त्याच स्वरापर्यंत, म्हणजे समजा ४४० हर्ट्झपासून ८८० हर्ट्झपर्यंत, बारा समान पायऱ्या असतात. समान म्हणजे समान फरकाच्या नव्हे, समान पटीच्या: प्रत्येक पायरी सुमारे १.०५९५ पट, कारण याच संख्येचा बारावा घात २ होतो. किरणोत्सारी आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य साधारण ८ दिवस, म्हणून ८० दिवसांनी मूळच्या १/१०२४ एवढंच उरतं. आणि कॅमेऱ्याच्या भिंगावरचे १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हे आकडे २ च्या वर्गमूळाच्या पटीत वाढतात. ८ नंतर खरं तर ११.३ यायला हवेत, पण सोयीसाठी ११ लिहितात.

सरावाला दोन-चार प्रश्न द्याल का?

५, १५, ४५, … मध्ये १०,९३५ कितवं पद? १ − १/३ + १/९ − … ची बेरीज किती? ज्या अनंत श्रेढीत प्रत्येक पद त्याच्या पुढच्या सगळ्या पदांच्या बेरजेइतकं आहे, तिचं गुणोत्तर काय? तळ्यातली पानं रोज दुप्पट होतात आणि एका पानापासून सुरुवात केली तर तळं ३० दिवसांत भरतं. दोन पानांपासून सुरुवात केली तर किती दिवस लागतील?

उत्तरं: आठवं, ३/४, १/२, आणि २९ दिवस, १५ नव्हे.